काड्यापेटी आयत का नाही, आणि नाणं वर्तुळ कसं?

ऐरोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा :

"माझी मुलगी तिसरीत आहे. घटक चाचणीत 'काड्यापेटीचा आकार कोणता?' या प्रश्नाला तिने 'आयत' लिहिलं आणि गुण गेला. पुढच्याच प्रश्नात नाण्याला 'वर्तुळ' लिहिलं, ते मात्र बरोबर धरलं. ती विचारते, नाण्यालाही जाडी आहे, मग ते बरोबर कसं? समजावायला म्हणून मी पुठ्ठ्याचे चौरस, त्रिकोण कापून दिले की हे बघ, हे सपाट. तर म्हणाली, यालाही जाडी आहे. कागद घेतला तर म्हणते, थोडी का होईना, आहेच. पुढे मला बोलताच आलं नाही. वहीत काढलेला घन सपाट म्हणायचा की घनाकृती, हेही तिने विचारलंय. घरी नीट कसं शिकवायचं? आकारांचा प्लास्टिकचा संच विकत घ्यावा का? आणि त्या गुणाबद्दल बाईंशी बोलावं का?"

ताई, तुमची मुलगी कागदाबद्दल म्हणते ते अगदी खरं आहे. तिला गप्प करू नका, उलट तिथूनच सुरुवात करा. झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर कागदांची न फोडलेली रीम असते. तिच्यात ५०० कागद असतात आणि तिची उंची साधारण ५ सेंटीमीटर भरते. म्हणजे एक कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड. रीम २१ सेंटीमीटर रुंद, २९.७ सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर उंच अशी सरळ सरळ इष्टिकाचिती, म्हणजे विटेसारख्या आकाराची वस्तू आहे. मग तिच्यातून काढलेला एक कागद ही अतिशय पातळ इष्टिकाचितीच झाली. तुम्ही कापून दिलेला पुठ्ठ्याचा चौरसही तसाच. हातात धरता येणारी कोणतीही वस्तू घ्या, ती त्रिमितीयच असते.

मग चौरस, आयत, वर्तुळ असतात कुठे? वस्तूच्या अंगावर. काड्यापेटीचं वरचं पृष्ठ आयत आहे, फाशाचं एक पृष्ठ चौरस आहे, नाण्याचं छापाचं पृष्ठ वर्तुळ आहे. कागदावर पेन्सिलने ओढलेल्या रेषेच्या आतली जागा म्हणजे सपाट आकृती. तो कागद उचलता येईल, आकृती एकटी उचलता येणार नाही. ग्रीक गणितज्ञ युक्लिडने ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास हेच असं मांडलं होतं : पृष्ठ म्हणजे ज्याला फक्त लांबी आणि रुंदी आहे, आणि घनाकृती म्हणजे ज्याला लांबी, रुंदी आणि खोली आहे. घनाकृतीची हद्द म्हणजे पृष्ठ, असंही त्याने पुढे सांगितलं. शिकवण्याच्या दृष्टीने हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. सपाट आकार आणि घन आकार हे दोन वेगळ्या टोपल्यांत भरायचे जिन्नस नव्हेत. एक दुसऱ्याच्या अंगावर सापडतो. त्यामुळे आधी चौरस, मग घन हा क्रम आम्हाला उलटा वाटतो. आधी वस्तू हातात द्या, मग तिच्या पृष्ठावर बोट ठेवा, आणि मग कागदावर आकृती काढा.

म्हणून काड्यापेटीचं उत्तर : पेटी इष्टिकाचिती, तिचं प्रत्येक पृष्ठ आयत. मुलीकडून एकच वाक्य रोज दोन-तीन वस्तूंवर म्हणवून घ्या : "ही वस्तू अमुक आहे, तिचं हे पृष्ठ तमुक आहे." हे पृष्ठ म्हणताना तळहात त्या पृष्ठावर पूर्ण टेकवायला लावा. फासा घन (सगळी पृष्ठं चौरस असलेली इष्टिकाचिती), हे पृष्ठ चौरस. डालड्याचा किंवा पिठाचा सरळ उभा डबा वृत्तचिती, हे झाकणाचं पृष्ठ वर्तुळ. वाक्याचे दोन्ही भाग एका दमात आले पाहिजेत. नुसतं "फासा चौकोनी" हे बोलताना ठीक आहे, अभ्यासाला बसल्यावर चालवून घेऊ नका. "गोल" या शब्दाचंही तसंच. घरात पोळीही गोल आणि चेंडूही गोल. वहीत मात्र चेंडू गोल, आणि पोळीचा कडेने काढलेला आकार वर्तुळ. "बाजू" हा शब्दही जरा जपून वापरा. सपाट आकृतीच्या रेषेला बाजू म्हणा, आणि वस्तूबद्दल बोलताना पृष्ठ, कड आणि शिरोबिंदू (म्हणजे कोपरा) हे तीनच शब्द वापरा. खोक्याच्या पृष्ठालाही बाजू आणि कडेलाही बाजू म्हटलं की पुढे मोजताना सगळा गोंधळ होतो.

आता ओळखायच्या खुणांबद्दल. मुलांना साधारण तीन सांगितल्या जातात आणि तिन्ही कुठेतरी फसतात. "हातात धरता आलं तर घनाकृती" ही खूण पुठ्ठ्याच्या चौरसावर फसते, ते तुम्ही पाहिलंच. "आत काही भरता आलं तर घनाकृती" ही खोडरबरावर फसते. खोडरबर भरीव आहे, आत काही मावत नाही, तरी इष्टिकाचिती आहे. तिसरी जरा हुशार वाटते : "दोन मापं लागली तर सपाट, तीन लागली तर घनाकृती." आयत आणि इष्टिकाचितीला ती लागू पडते. पण वर्तुळाला त्रिज्या हे एकच माप पुरतं आणि गोलालाही त्रिज्याच पुरते, तिथे ही खूण आंधळी होते.

चालणारी खूण दिशांची आहे. आकार टेबलावर ठेवलाय असं समजा. त्याच्या एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत जायला डावी-उजवी आणि पुढे-मागे एवढ्या हालचाली पुरतात का, की वर-खालीही जावं लागतं? टेबलावर खडूने काढलेल्या वर्तुळात कुठूनही कुठेही जा, बोट टेबल सोडत नाही. चेंडूच्या तळापासून माथ्यापर्यंत जायचं तर बोट टेबलापासून वर उचलावंच लागतं. तिसरीच्या मुलीला एवढं पुरतं, आणि बारावीतही हे चूक ठरत नाही.

प्रत्यक्ष कामाला टूथपेस्टचं रिकामं खोकं घ्या. त्यापेक्षा चांगलं साधन बाजारात शोधूनही सापडणार नाही. कोऱ्या कागदावर खोकं एका पृष्ठावर ठेवा, डाव्या तळहाताने वरून दाबून धरा आणि पेन्सिल खोक्याला चिकटवून सरळ उभी फिरवा. पेन्सिल बाहेर कलली तर आकृती चारही बाजूंनी एक-दोन मिलिमीटर मोठी येते आणि नंतर जुळत नाही, मुलं इथेच चिडतात. असं सहाही पृष्ठांवर करा. सहा आकृत्या मिळतील, त्यांतल्या दोन-दोन एकसारख्या. त्या कापून जोडीजोडीने एकाच रंगात रंगवा आणि खोक्याच्या ज्या पृष्ठावर नेमक्या बसतात तिथे चिकटवा. टोकाचं छोटं पृष्ठ चौरस आहे की आयत, ते डोळ्याने ठरवू नका, पट्टीने मोजायला लावा. बऱ्याच खोक्यांत ते चौरसासारखं दिसतं आणि मोजल्यावर चार-पाच मिलिमीटरचा फरक निघतो.

मग दुसरं तसंच खोकं घेऊन उघडा. लांब बाजूने चिकटवलेली शिवण असते, तिच्यात जेवणाचा बोथट चमचा घालून हळूहळू सोडवा. ओढलंत तर वरचा थर फाटतो. दोन्ही टोकं उघडून सगळं जमिनीवर सपाट पसरा. आता मुलगी म्हणेल की सहापेक्षा जास्त तुकडे दिसताहेत. बरोबर आहे. शिवणीची एक लांब पट्टी, टोकांच्या झाकणांखाली दुमडलेल्या चार छोट्या पट्ट्या आणि झाकण आत खोचायच्या दोन, अशा सात पट्ट्या जोडकामासाठी असतात. त्या कात्रीने कापून टाका. उरतात ते नेमके सहा आयत. यालाच पाठ्यपुस्तकात घडणी म्हणतात. सातच पट्ट्या का, हेही सांगण्यासारखं आहे. खोक्याला १२ कडा. पसरलेल्या घडणीत सहा आयत एकमेकांना पाच घड्यांनी जोडलेले राहतात. बारातून पाच गेल्या, उरलेल्या सात कडा कुठेतरी चिकटवाव्या किंवा खोचाव्या लागणारच.

याच हिशोबाने घन स्वतः करता येतो. साधा कागद नको, जाडसर कार्डशीट घ्या. ५ सेंटीमीटर बाजूचे चार चौरस एका ओळीत आखा, म्हणजे २० सेंटीमीटरची पट्टी झाली. दुसऱ्या चौरसाच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला एक चौरस जोडा. २० बाय १५ ची ही आकृती ए-फोर कार्डशीटवर पट्ट्यांसकट बसते. चिकटवायच्या पट्ट्या एक सेंटीमीटर रुंद, दोन्ही टोकांना तिरप्या कापलेल्या, आणि मोजून सात. एकाच जोडाच्या दोन्हीकडे पट्टी आली की एक जास्त होते आणि दुसरीकडे एक कमी पडते, ही नेहमीची चूक. कापण्याआधी प्रत्येक घडीच्या रेषेवर पट्टी धरून संपलेल्या रिफिलने दाबून ओढा. ही पायरी वगळली तर घडी गोलसर येते, कड धारदार होत नाही आणि मग मुलीला कड कुठे संपते ते दाखवता येत नाही. झाकण बसत नसेल तर सहापैकी एखादा चौरस दोन मिलिमीटरने चुकलेला असतो, गोंदाला दोष देऊ नका. फेव्हिकॉल पातळ लावा आणि झाकण सोडून बाकी सगळं आधी चिकटवून वाळू द्या.

घनाच्या घडण्या एकूण ११ प्रकारच्या होतात, फिरवून किंवा उलटवून तीच येणारी वेगळी धरायची नाही. सहा चौरस कडेला कड लावून जोडायचे प्रकार ३५ आहेत, त्यातल्या ११ चाच घन होतो. मुलीला चौकटीच्या कागदावर स्वतः शोधू द्या. एक सूचना करा : चार चौरस दोन-दोनच्या ठोकळ्यात एकत्र आले तर घन होणार नाही. घनाच्या प्रत्येक कोपऱ्यात तीनच चौरस भेटतात. चार चौरस एका बिंदूभोवती जमले की ९० अंशांचे चार कोन मिळून ३६० अंश पुरे होतात, तिथला कागद सपाटच राहतो, वर उठायला जागा उरत नाही. सपाट आणि घन यांतला सगळा फरक या एका कोपऱ्यात दिसतो. तीन चौरस घ्या, मधली ९० अंशांची फट बंद करा, कागद आपोआप वर उठून कोपरा तयार होतो. हे एकदा तिच्या हातून होऊ द्याच. पुढे शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत फाशाची घडणी देऊन समोरासमोरची पृष्ठं विचारतात, तेव्हा एका ओळीत एक सोडून एक येणारे चौरस समोरासमोर जातात हे तिला पाठ करावं लागणार नाही. ल्युडोच्या फाशावर समोरासमोरच्या ठिपक्यांची बेरीज ७ असते, त्यावर पडताळा घ्या.

वक्र पृष्ठाच्या वस्तू याच्यानंतर घ्या, आधी नको. पाण्याच्या किंवा जॅमच्या बाटलीवरचं लेबल ओल्या फडक्याने भिजवून सोलून काढा. गोल फिरलेलं ते लेबल टेबलावर आयत होऊन पडतं. त्याची लांबी म्हणजे बाटलीचा परीघ. १० सेंटीमीटर व्यासाच्या डब्याला सुमारे ३१.४ सेंटीमीटर लांब पट्टी लागते, चिकटवायला एक सेंटीमीटर जादा. वाढदिवसाची टोपी उलगडली की मात्र मुलं आणि मोठे दोघंही चुकतात. शंकू समोरून त्रिकोण दिसतो, म्हणून त्याचं पृष्ठ त्रिकोण असेल असं वाटतं. स्टेपलच्या पिना काढून टोपी पसरा, वर्तुळाचा एक तुकडा निघेल, खालची कड कमानीसारखी वळलेली. त्रिकोणी कागद गुंडाळून टोपी करून बघा म्हणावं, खालची कड वाकडी येते आणि टोपी टेबलावर सरळ उभी राहत नाही.

गोलाचं पृष्ठ तर सपाट पसरतच नाही. मोसंबीचं साल एकसंध सोला आणि पाटावर दाबून बसवा, कडा फाटल्याशिवाय बसत नाही. तरीही त्या सालाचं क्षेत्रफळ काढता येतं. भास्कराचार्यांनी 'लीलावती'मध्ये, ११५० साली, दिलंय की वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट केली की तेवढ्याच व्यासाच्या गोलाच्या पृष्ठाचं क्षेत्रफळ मिळतं, आणि ते चेंडूवर सगळीकडून बसवलेल्या जाळीसारखं असतं. मोसंबी अर्धी कापा, कापलेली कड कागदावर ठेवून पाच-सहा वर्तुळं आखा, आणि साल बारीक तुकडे करून एकेका वर्तुळात भरत जा. चार वर्तुळं जवळपास भरतात. मोसंबी पूर्ण गोल नसते आणि सालाला जाडी असते, त्यामुळे थोडं कमीजास्त होतं, पण चारच्या आसपासच थांबतं. तिसरीच्या मुलीला सूत्र नको, चार भरली एवढं तिने बघितलं की पुरे.

इथे एक सावधगिरी. घरातल्या सगळ्याच वस्तू शुद्ध आकाराच्या नसतात आणि उदाहरण चुकलं की मुलाच्या डोक्यात आकारच चुकीचा बसतो. स्टीलचा पाणी प्यायचा पेला वृत्तचिती नाही. त्याचं तोंड आणि बूड दोन्ही आखून बघा, दोन वेगवेगळी वर्तुळं येतात. बादलीचंही तेच. लाटणं बहुधा मध्ये जाड असतं. अंडं गोल नाही. मोदक शंकू नाही. इमारतीवरच्या काळ्या टाकीचं अंग वृत्तचितीचं असतं, माथा बहुतेक वेळा उतरता असतो. सुरुवातीला सरळ उभा डबा, फासा, खोकं, टेनिसचा चेंडू आणि टोपी एवढंच वापरा. पेला आणि बादली दुसऱ्या आठवड्यात "हे वृत्तचिती का नाही?" म्हणून विचारा.

कडा आणि शिरोबिंदू समजायला सांगाडा करावा लागतो. काबुली चणे किंवा पांढरे वाटाणे रात्रभर भिजवा आणि सकाळी निथळून फडक्यावर पसरा. टूथपिक त्यात टोचायच्या. कमी भिजले तर चणा तडकतो, फार भिजले तर टूथपिक सैल होते. दाबल्यावर नख रुतेल इतपत हवेत. चार टूथपिक आणि चार चणे म्हणजे चौरस, तो टेबलावर पडून राहतो. त्यावर चार उभ्या आणि वर आणखी चार टूथपिक लावल्या की १२ टूथपिक आणि ८ चण्यांचा घन. हा घन डुगडुगतो, हात लावला की कलतो. मुलीला वाटेल आपलं चुकलं. चुकलेलं नसतं. चौकोनी चौकट कोपऱ्यांतून फिरू शकते, त्रिकोणी फिरत नाही. सहा टूथपिक आणि चार चण्यांची त्रिकोणी सूची (खाली त्रिकोण, त्याच्या तीन कोपऱ्यांतून वर एका टोकाला मिळणाऱ्या तीन टूथपिक) करा, दाबली तरी हलत नाही. दिवसभरात चणे वाळले की घनही जरा ताठ होतो.

हे झालं की तिला एक कोडं घाला. सहा टूथपिक न मोडता चार सारखे त्रिकोण कर, प्रत्येक बाजूला एक अख्खी टूथपिक. ती टेबलावर खूप वेळ खटपट करेल आणि दोनच्या वर त्रिकोण जमणार नाहीत, कारण सपाटीवर दोन त्रिकोणांना पाच टूथपिक आधीच लागतात. सूचीत मात्र सहा कडांना चार त्रिकोण. उत्तर लगेच सांगू नका. तिसरी दिशा वापरायची, हे तिच्याच ध्यानात आलं पाहिजे.

पारंपरिक आकाशकंदील हाही असाच सांगाडा. कामट्या म्हणजे कडा, गाठी म्हणजे शिरोबिंदू, पतंगाचा कागद म्हणजे पृष्ठं. दिवाळीच्या आधी ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात सामान मिळतं. कागद चिकटवण्याआधी आणि चिकटवल्यावर दोन्ही वेळा तिला मोजायला बसवा. आणि दारातली ठिपक्यांची रांगोळी ही सपाट आकृती, ती जमीन सोडत नाही.

मोजण्याची पद्धत ठरवून द्या, नाहीतर कडा दोनदा मोजल्या जातात. वरच्या ४, खालच्या ४, उभ्या ४, मिळून १२, प्रत्येकीवर स्केचपेनची खूण करत. पडताळा असा : सहा पृष्ठं, प्रत्येकाच्या चार बाजू, २४ झाल्या, पण प्रत्येक कड दोन पृष्ठांत वाटून येते, म्हणून १२. पुढे आठवीत ऑयलरचं सूत्र येतं : पृष्ठं आणि शिरोबिंदू यांची बेरीज कडांपेक्षा २ ने जास्त. घनाला ६ आणि ८ म्हणजे १४, कडा १२. आत्ता सूत्र म्हणून नको, गंमत म्हणून २० रुपयांचं नाणं द्या. ते बारा कोनांचं आहे, म्हणजे त्याचा सांगाडा बारा बाजूंच्या चितीचा (वर-खाली सारखी पृष्ठं आणि कडेला सरळ उभी पृष्ठं असलेली वस्तू). पृष्ठं वर-खालची २ आणि कडेची १२ मिळून १४, शिरोबिंदू २४, कडा ३६. १४ आणि २४ मिळून ३८, छत्तीसपेक्षा दोनच जास्त. (नाण्याचे कोपरे थोडे घासलेले असतात आणि छापाला उठाव असतो, तो सोडून द्या.) वृत्तचिती आणि शंकूवर हे सूत्र लावू नका, ते सपाट पृष्ठांच्या वस्तूंसाठी आहे. वृत्तचितीला दोन सपाट आणि एक वक्र पृष्ठ, दोन वर्तुळाकार कडा, शिरोबिंदू नाही. काही पुस्तकं "पृष्ठ" म्हणताना फक्त सपाट मोजतात. तिच्या वर्गात कसं मोजतात ते वहीत बघून तेच ठेवा, आणि उत्तरात "सपाट" किंवा "वक्र" लिहायची सवय लावा म्हणजे वाद उरत नाही.

वहीत काढलेल्या घनाबद्दल : ती सपाट आकृती आहे, घनाचं चित्र आहे. कागदावर तिचं क्षेत्रफळ आहे, घनफळ नाही. तिच्याच वहीवर सिद्ध करता येतं. दोन सारखे चौरस तिरपे सरकवून काढा आणि कोपरे जोडा. आता बाजूचं पृष्ठ कोनमापकाने मोजा. खऱ्या घनात तिथे ९० अंश असतात, चित्रात ४५ किंवा १३५ च्या आसपास येतील. खऱ्या घनाचं प्रत्येक पृष्ठ चौरस आहे, चित्रातलं बाजूचं पृष्ठ तिरका चौकोन आहे. चित्र काढताना आपण कोन मुद्दाम वाकडे करतो आणि डोळा ते सरळ करून घेतो. लपलेल्या तीन कडा तुटक रेषेने दाखवायला शिकवा, नाहीतर मुलं नऊच कडा मोजतात. प्रश्नपत्रिकेत असं चित्र देऊन "ही वस्तू ओळखा" विचारलं तर उत्तर घन. "कागदावर किती चौरस दिसतात" विचारलं तर चित्रातले मोजायचे.

रात्री दिवे घालवून मोबाइलच्या टॉर्चने भिंतीवर सावल्या पाडा. सावली नेहमी सपाट. डबा आडवा धरला तर आयत, टोकाकडून धरला तर वर्तुळ. नाणं फिरवत गेलं तर वर्तुळ, मग लंबवर्तुळ, मग बारीक पट्टी. ती पट्टी दिसते कारण नाण्याला जाडी आहे. एक रुपयाच्या नाण्याची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास आहे. वीस नाणी एकावर एक रचली की सुमारे तीन सेंटीमीटर उंच वृत्तचिती उभी राहते. तुमच्या मुलीचा मूळ प्रश्न इथे सुटतो : एकटं नाणंही बुटकी वृत्तचितीच.

शाळेत जाता-येता ठाणे-बेलापूर रस्त्यावर हेच चालू ठेवा. उरणकडे जाणाऱ्या ट्रेलरवरचा छोटा कंटेनर साधारण २० फूट लांब, ८ फूट रुंद, साडेआठ फूट उंच : वस्तू इष्टिकाचिती, पत्र्याचं पृष्ठ आयत. 'थांबा'च्या लाल पाटीचा दर्शनी भाग अष्टकोन, धोक्याच्या पाटीचा त्रिकोण, आणि रस्त्यात ठेवलेला नारिंगी कोन शंकूच्या जवळचा, पण टोक छाटलेला.

संचाबद्दल सांगायचं तर, आत्ता घेऊ नका. स्वस्त संचांत पाच मिलिमीटर जाडीच्या तुकड्यावर "चौरस" छापलेलं असतं, आणि तुमची मुलगी ज्यावर अडली तेच त्यातून पुन्हा शिकवलं जातं. पुढे घनफळ येईल तेव्हा पारदर्शक, पोकळ, झाकण निघणाऱ्या घनाकृती घ्या. त्यांत पाणी ओतता येतं आणि १० सेंटीमीटर बाजूच्या घनात बरोबर एक लिटर मावतं हे दाखवता येतं. एकाच पायाचा आणि एकाच उंचीचा शंकू व वृत्तचिती त्या संचात आहेत का, ते बघून घ्या. तीन शंकू पाण्याने वृत्तचिती भरते, ते दाखवायला ही जोडी हवीच.

बाईंशी जरूर बोला, पण गेलेला गुण मागायला नको. काड्यापेटीला "आयत" हे उत्तर चूकच होतं. नाण्याच्या प्रश्नाबद्दल बोला. "नाण्याचा आकार कोणता?" याला वर्तुळ धरायचं असेल तर काड्यापेटीला आयत का नको, हा मुलीचा प्रश्न रास्त आहे आणि वर्गातल्या आणखी काही मुलांनाही पडला असेल. प्रश्नात "नाण्याच्या वरच्या पृष्ठाचा आकार" एवढे शब्द वाढवले की अडचण राहत नाही, आणि ही सूचना कोणत्याही शिक्षकाला आवडेल. तोवर परीक्षेत मुलीने काय करायचं? पर्याय दिले असतील तर आधी ते वाचायचे. पर्यायांत वृत्तचिती असेल तर नाण्याला वृत्तचिती. पर्यायांत फक्त चौरस, त्रिकोण, आयत, वर्तुळ असतील तर पृष्ठाबद्दल विचारलंय असं धरून वर्तुळ. पर्यायच नसतील तर पूर्ण वाक्य लिहायचं : "नाणं वृत्तचिती आहे, त्याचं सपाट पृष्ठ वर्तुळ आहे."